आमच्या धर्मगुरुनिवासांतील जर्मन घड्याळ : त्याचें कुल व काल

आमच्या धर्मगुरुनिवासाच्या मधल्या दालनांत, जिन्याच्या डाव्या हातास, उंच लांकडी पेटीचें जें घड्याळ टांगलेलें आहे, तें या धर्मग्रामांतील लहानथोरांच्या परिचयाचें आहे. बाप्तिस्म्याची किंवा लग्नाची नोंद करावयास जे येतात, त्या सर्वांनीं बांकावर बसून त्याचे ठोके ऐकलेले आहेत. महोत्सवाच्या निमित्तानें या घड्याळाखालीं एक पितळी पट्टी बसवावी असा ठराव महोत्सव समितीनें केला. आणि पट्टीवर काय कोरावयाचें हा प्रश्न निघतांच असें दिसून आलें कीं, या घड्याळाविषयीं धर्मग्रामांत एकमत नाहीं. एका जुन्या व प्रतिष्ठित घराण्याचें म्हणणें असें कीं, घड्याळ १८५२ सालचें असून त्यांच्या मूळ पुरुषानें तें देवळास अर्पण केलें. त्याच्या नांवाचीं आद्याक्षरेंही लंबकावर आहेत. दुसरें एक कुटुंब, ज्याची ऐपत बेताची आहे, असें सांगत आलें आहे कीं, त्यांचा पणजा मुंबईस एका साहेबाकडे बटलर होता. साहेब विलायतेस परत जातांना त्यानें बक्षीस दिलेलें घड्याळ पणजानें घरीं न नेतां देवळांत आणून दिलें. दोन्ही पक्ष भाविक आहेत, व दोघेही आपल्या वाडवडिलांच्या तोंडून ऐकलेलेंच बोलतात. परंतु पट्टी एकच आहे, आणि तिच्यावर एकदां कोरलेलें पुढील शंभर वर्षें कोणी पुसणार नाहीं. म्हणून खुद्द घड्याळाचीच साक्ष काढावी असें आम्हीं ठरविलें. त्या चौकशींत जें हातीं लागलें तें येथें कांहींसें विस्तारानें देत आहों. कारण अशीं जर्मन घड्याळें आमच्या लोकांच्या घरांतून अजून पुष्कळ आहेत, व त्यांच्याविषयींही अशाच गोष्टी सांगितल्या जातात.

घंटेचें वय काढणें सोपें असतें. घंटा ओततांनाच कारागीर तिच्या अंगावर साल उठवितो, व तें घंटा वितळेपर्यंत तसेंच राहतें. १७३९ त चिमाजी अप्पांनीं वसई घेतल्यानंतर आमच्या या मुलुखांतील ज्या पोर्तुगीज घंटा घांटावर गेल्या, त्यांपैकीं नाशिक येथें नारोशंकराच्या देवळावर जी टांगली आहे तिच्यावरील १७२१ हा आंकडा आजही वाचतां येतो, व तेवढ्यावर तिच्या वयाचा वाद संपतो. जर्मन भिंतीवरच्या घड्याळांच्या तबकडीवर मात्र साल घालण्याची चाल नव्हती. दुकानांत चार वर्षें पडून राहिलेल्या मालावर चार वर्षांपूर्वींचें साल दिसणें व्यापाऱ्यास परवडण्यासारखें नव्हतें, असें आम्हांस वाटतें. त्यामुळें अशा घड्याळाचें वय अनेक बारीक खुणांवरून जुळवावें लागतें, आणि त्या खुणांत खरी कोणती व फसवी कोणती हें आधीं निवडावें लागतें.

फसव्या खुणांत पहिला मान लंबकावरील अक्षरांस दिला पाहिजे. आमच्या घड्याळाच्या लंबकाची काठी लांकडी असून तिच्या खालच्या टोकास पितळी चकती आहे. चकतीच्या मध्यावर रोमन लिपींतील 'आर्' व 'ए' हीं दोन अक्षरें नक्षींत गुंफलेलीं दिसतात. वर सांगितलेल्या घराण्याच्या मूळ पुरुषाचें नांव 'आर्' नें व आडनांव 'ए' नें सुरू होतें, हें खरें आहे. परंतु हींच दोन अक्षरें त्या काळच्या हजारों जर्मन लंबकांवर आहेत, व त्या सर्वांचा धनी आमच्या धर्मग्रामांतला असणें शक्य नाहीं! तीं दोन फ्रेंच शब्दांचीं आद्याक्षरें आहेत : 'रेतार', म्हणजे मागें पडणें, आणि 'आव्हांस', म्हणजे पुढें जाणें. चकतीच्या तळाशीं जी लहान चाकी असते ती फिरवून चकती खालीं सोडली तर घड्याळ मंद चालतें, वर चढविली तर शीघ्र चालतें; त्याचीच ही आठवण. घड्याळाच्या धंद्यांत फ्रेंच शब्द रुळलेले होते, ते जर्मन कारागिरांनींही तसेच ठेविले. मुंबईच्या बाजारांतील कांहीं दुकानदार हीं अक्षरें कारखान्याचें नांव म्हणून गिऱ्हाइकास दाखवितात, तेंही तितकेंच निराधार आहे. त्याचप्रमाणें अशा घड्याळांस सरसकट लावला जाणारा 'रेग्युलेटर' हा शब्दही कोण्या कारखानदाराचा नव्हे. व्हिएन्ना शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जीं सूक्ष्म वेळ दाखविणारीं, कांचेच्या उंच पेटींतलीं घड्याळें होत असत, त्यांचें तें जातिनाम. पुढें त्यांच्या धर्तीवर जर्मनींत लाखोंनीं घड्याळें निघालीं आणि नांवही त्यांच्याबरोबर आलें.

या चाकीचा विषय निघालाच आहे, तर थोडें विषयांतर करण्याची वाचकांनीं मुभा द्यावी. जर्मनींत अचूक लावलेलें लंबकाचें घड्याळ आमच्या किनाऱ्यावर आणून तसेंच चालविलें, तर तें रोज सुमारें दोन मिनिटें मागें पडतें. यंत्रांत दोष नसतो. पृथ्वीचें आकर्षण ध्रुवाकडे अधिक व विषुववृत्ताकडे कमी आहे. आमचें घड्याळ जेथें तयार झालें तें गांव जवळजवळ एकावन्नाव्या अक्षांशावर आहे, तर वसई एकोणिसाव्या अक्षांशाच्या किंचित् वर. आकर्षण कमी झालें कीं लंबक सावकाश हालतो. ही गोष्ट जगास प्रथम कळली ती झां रिशे या फ्रेंच ज्योतिर्विदामुळें. १६७२ त तो दक्षिण अमेरिकेंतील कायेन बेटावर गेला असतां त्याचें पॅरिसचें घड्याळ रोज अडीच मिनिटें मागें पडूं लागलें, आणि पुढें न्यूटननें याच पुराव्याचा उपयोग पृथ्वीचा गोल दोन्ही ध्रुवांशीं चपटा आहे हें दाखविण्याकडे केला. अर्धा मीटर लांबीच्या लंबकास हा फरक भरून काढावयास सुमारें सव्वा मिलिमीटर आंखूड व्हावें लागतें. सारांश, परदेशचें घड्याळ इकडे आल्यावर कोणीतरी ती चाकी 'ए' च्या दिशेस फिरविलेली असते. ज्या घराण्यानें त्या अक्षरांत आपल्या पूर्वजाचें नांव वाचलें, त्याच्याच घरच्या कोणी कदाचित् ती चाकी फिरविली असेल. पण तें अक्षरांवरून सिद्ध होत नाहीं.

आतां खऱ्या खुणांकडे वळूं. दार उघडून, लंबक काढून, कांटे व तबकडी उतरविल्याशिवाय यांतलें बहुतेक कांहीं दिसत नाहीं, आणि हें काम जाणत्या घड्याळजीकडूनच करवून घ्यावें. आमचें यंत्र आमच्यासमोर उतरविण्यांत आलें. त्याच्या दोन्ही बाजूंचे पितळी पत्रे सलग व जाड आहेत. अमेरिकन घड्याळांत पितळ वांचविण्यासाठीं पत्र्यास मोठीं भोंकें पाडलेलीं असतात, तशीं यांत नाहींत. मागील पत्र्यावर एक छाप ठोकलेला आहे : मुकुट, नांगर, 'जी' व 'बी' हीं अक्षरें, आणि फ्रेंच भाषेंत 'मेदाय दोर', म्हणजे सुवर्णपदक. हा छाप गुस्ताव्ह बेकर याचा. त्याच्या खालीं एक सहा आंकडी क्रमांक आहे, त्याकडे आम्ही लवकरच येऊं.

बेकरचा जन्म १८१९ त सायलेशिया प्रांतांतील ओल्स या गांवीं झाला. सायलेशिया त्या वेळीं प्रशियाच्या राज्यांत होता. तरुणपणीं त्यानें फिरून धंदा शिकून घेतला, व्हिएन्नाच्या कारागिरीची ओळख करून घेतली, व १८४७ च्या सुमारास तो फ्रायबुर्ग या लहान शहरीं येऊन स्थायिक झाला. फ्रायबुर्ग हें नांव वाचून बहुतेकांची फसगत होते. नैर्ऋत्य जर्मनींत, ज्यास तिकडील लोक श्वार्त्सवाल्ड म्हणजे काळें अरण्य म्हणतात त्याच्या पायथ्याशीं, याच नांवाचें दुसरें व अधिक प्रसिद्ध शहर आहे, आणि तो डोंगराळ प्रदेशही घड्याळांविषयींच विख्यात आहे. त्यामुळें बेकरचीं घड्याळें काळ्या अरण्यांतलीं असें बेधडक लिहिलें जातें. तीं तेथलीं नव्हेत. बेकरचें फ्रायबुर्ग शेंकडों मैल पूर्वेस आहे, व म्हणूनच त्यास 'सायलेशियांतील फ्रायबुर्ग' असें पूर्ण नांवानें लिहीत.

त्या काळीं सायलेशियाची स्थिति हलाखीची होती. प्रांताचा मुख्य धंदा हातमागाचा. इंग्लंडच्या यंत्रांनीं विणलेल्या स्वस्त कापडापुढें तो टिकेना, आणि १८४४ च्या जून महिन्यांत पेटर्सवाल्डाउ व लांगेनबीलाउ या गांवच्या विणकरांनीं उपासमारीनें गांजून दंगा केला; सैन्यानें गोळ्या घालून तो मोडला. आमच्या देशांतील विणकरांची जी दशा झाली, तीच जर्मनींत त्यांच्या भाऊबंदांची झाली होती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. एक गोष्ट तेवढी अनुकूल होती : १८४३ त ब्रेस्लौपासून फ्रायबुर्गपर्यंत आगगाडी सुरू झाली होती, त्यामुळें माल बाहेर जाण्यास वाट होती. अशा ठिकाणीं बेकरनें घड्याळांचा धंदा मांडला. तेथें तयार घड्याळजी मिळण्याजोगे नव्हते. त्यानें स्थानिक तरुणांस हाताशीं धरून एकेक काम शिकविलें. आरंभीं धंदा अगदीं लहान होता, परंतु १८५२ त ब्रेस्लौ येथें भरलेल्या प्रांतिक प्रदर्शनांत त्याच्या घड्याळांस सुवर्णपदक मिळालें, व तेव्हांपासून तें पदक त्यानें आपल्या छापांत घेतलें.

१८५२ हें साल आमच्या धर्मग्रामांत कोठून आलें याचा उलगडा येथें होतो. कित्येक वर्षांपूर्वीं कोण्या घड्याळजीनें यंत्र साफ करतांना 'मेदाय दोर' हीं अक्षरें पाहिलीं, तें पदक १८५२ चें हेंही त्यास ठाऊक होतें, व त्यानें घड्याळ तितकें जुनें म्हणून सांगितलें असावें. ही चूक जगभर होत असते. पदक कारखान्यास मिळालें, घड्याळास नव्हे. १८५२ त मिळालेलें पदक कारखान्यानें त्यानंतरच्या कित्येक दशकांच्या मालावर ठोकलें. औषधाच्या बाटलीवर एखाद्या प्रदर्शनाचें पदक छापलेलें असतें म्हणून आंतील औषध त्या सालचें आहे असें कोणी समजत नाहीं, तसेंच हें. छापावरून एवढेंच ठरतें कीं, घड्याळ १८५२ च्या आधींचें नाहीं.

नंतर किती वर्षांचें, हें तो सहा आंकडी क्रमांक सांगतो. बेकरच्या कारखान्यानें आपल्या यंत्रांस चढते क्रमांक दिले, आणि अभ्यासकांनीं ते सालांशीं जुळवून त्यांचें कोष्टक केलें आहे. त्यांतील ठळक टप्पे असे : १८७५ त क्रमांक एक लक्षास पोंचला, १८८० त दोन लक्ष साठ हजारांस, १८८५ त पांच लक्षांस, १८९० त आठ लक्षांस, १८९२ त दहा लक्षांस, आणि १९०० त पंधरा लक्षांस. या आंकड्यांकडे नुसतें पाहिलें तरी त्या माणसाच्या उद्योगाची कल्पना येते. पहिल्या लक्षास पाव शतक लागलें. दहावें लक्ष गांठावयास त्यापुढें अवघीं सतरा वर्षें पुरलीं. बेकर स्वतः १८८५ त, म्हणजे पांच लक्षांचा टप्पा आला त्याच वर्षीं, निवर्तला.

आमच्या यंत्राचा क्रमांक सहा लक्ष चौऱ्याहत्तर हजारांच्या घरांतला आहे. तो १८८५ व १८९० या दोन टप्प्यांच्या मध्यें पडतो. त्या पांच वर्षांत तीन लक्ष यंत्रें निघालीं, म्हणजे सरासरीनें वर्षास साठ हजार. पांच लक्षांच्या वर आमचे एक लक्ष चौऱ्याहत्तर हजार होतात. त्यांस साठ हजारांनीं भागिलें असतां तीन वर्षांस किंचित् कमी येतें. अर्थात् घड्याळ १८८८ च्या सुमाराचें. कोष्टकाचे टप्पे स्थूल आहेत व कारखान्याची गति दर वर्षीं सारखी नसणार, म्हणून एकदोन वर्षें इकडेतिकडे धरण्यास आमची हरकत नाहीं. छत्तीस वर्षें धरण्यास मात्र आहे. येथें एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. बेकरच्या कारखान्याची एक शाखा सरहद्दीपलीकडे बोहेमियांत ब्राउनाउ येथें होती, व तेथील यंत्रांचे क्रमांक निराळे चालत. ज्या यंत्रावर ब्राउनाउ हें नांव असेल, त्यास फ्रायबुर्गचें हें कोष्टक लावूं नये.

कोणी म्हणेल, यंत्र १८८८ चें असेल, पण पेटी जुनी असून यंत्र मागाहून बसविलें नसेल कशावरून? शंका रास्त आहे. मुंबईच्या बाजारांत एकाची पेटी, दुसऱ्याचें यंत्र व तिसऱ्याचा लंबक जोडून विकलेलीं घड्याळें आम्हीं पाहिलीं आहेत. म्हणून पेटीचाही झाडा घेतला. यंत्र ज्या फळीवर बसतें तिच्यांत, व पाठीमागच्या फळीवर, एकही रिकामें भोंक नाहीं. यंत्र बदललें असतें तर आधींच्या स्क्रूंचीं भोंकें राहिलीं असतीं. ठोके देणारी पोलादी तारेची वेटोळी पाठीच्या फळीस जेथें बसविली आहे, तेथें तिच्या आकाराची फिकट सावली लांकडावर उमटली आहे, व ती वेटोळीशीं तंतोतंत जुळते. लंबकाची चकती पेटीच्या खालच्या भागांत मध्यावर, कांचेंतून पूर्ण दिसेल अशी, हालते. पेटी व यंत्र हीं पहिल्यापासून एकत्र आहेत याविषयीं आम्हांस संशय उरला नाहीं. पेटीची घडणही त्या काळास साजेशी आहे. व्हिएन्नाच्या मूळ पेट्या साध्या व सडपातळ असत. १८७१ त जर्मन साम्राज्य स्थापन झाल्यावर तिकडे जुन्या जर्मन वळणाचें वेड आलें, आणि पेट्यांस चरकावर काढलेले खांब, कळस व जड माथे येऊं लागले. आमच्या पेटीस अक्रोडी लांकडाचे असे दोन खांब आहेत. माथा मात्र वाळवीनें खाल्ला. त्याच्या जागीं आज जो आहे तो स्थानिक सुताराच्या हातचा असून त्यावर त्यानें वेलबुट्टीऐवजीं केळीचा घड कोरला आहे! तो काढून जर्मन धर्तीचा नवा माथा बसवावा अशी सूचना आली होती; आम्हीं ती मान्य केली नाहीं.

आणखी एक आडवा पुरावा पाहण्यासारखा आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटनें १८८७ च्या ऑगस्टांत व्यापारी चिन्हांचा कायदा करून परदेशच्या मालावर मूळ देशाचें नांव घालणें भाग पाडलें, व हिंदुस्थान सरकारनें तशाच स्वरूपाचा कायदा १८८९ त केला. 'मेड इन जर्मनी' हे शब्द घड्याळांवर दिसूं लागले ते मुख्यतः या कायद्यांमुळें. म्हणून ते शब्द असलेलें घड्याळ बहुधा १८८७ नंतरचें समजावें. उलट अनुमान मात्र काढूं नये : शब्द नाहींत म्हणून घड्याळ त्यापूर्वींचें असें होत नाहीं, कारण जर्मनींत खपावयाच्या मालावर ते घालण्याचें प्रयोजन नव्हतें. आमच्या यंत्रावर ते नाहींत. त्याचप्रमाणें 'डी. आर्. पी.' हीं अक्षरें जर्मन साम्राज्याच्या पेटंटाचीं असून तो कायदा १८७७ चा आहे, 'डी. आर्. जी. एम्.' हीं नोंदलेल्या उपयुक्त नमुन्याचीं असून त्यांचा कायदा १८९१ चा. ज्या घड्याळावर हीं चार अक्षरें आहेत तें १८९१ च्या आधींचें असूंच शकत नाहीं, मग घरांत कोणी कांहींही सांगत असो. तीं आमच्या यंत्रावर शोधून पाहिलीं; नाहींत.

आतां या सर्वांचा त्या दोन कुटुंबांशीं काय संबंध, तें स्पष्ट सांगणें प्राप्त आहे. पहिल्या घराण्याचा मूळ पुरुष आमच्याच देवळाच्या आवारांत पुरलेला आहे, व त्याच्या थडग्यावरील शिळेवर मृत्यूचें साल १८७१ असें आहे. १८८८ च्या सुमारास तयार झालेलें घड्याळ त्यानें अर्पण करणें शक्य नाहीं. आम्हीं त्या घराण्यांतील ज्येष्ठ गृहस्थांस बोलावून क्रमांक दाखविला व कोष्टक समजावून दिलें. त्यांनीं चष्मा लावून क्रमांक दोनदां वाचला, कांहीं वेळ गप्प बसले, व नंतर म्हणाले, "फादर, शिळेवरचें साल तर आमच्याच लोकांनीं कोरविलेलें. तें खोटें कसें म्हणूं?" त्यांच्या या बोलण्यानें आम्हांस त्यांच्याविषयीं जो आदर वाटला तो त्यांच्या घराण्याच्या कोणत्याही देणगीमुळें वाटला नव्हता.

दुसऱ्या कुटुंबांतील वृद्ध बाई हें वर्तमान ऐकून दुसऱ्याच दिवशीं आल्या. "मग आतां आमच्या आज्याच्या बापाचें नांव घालणार ना, फादर?" असें त्यांनीं विचारलें. त्यांसही आम्हांस नकारच द्यावा लागला. क्रमांक त्यांच्या गोष्टीच्या आड येत नाहीं, हें खरें. सुवेझचा कालवा १८६९ त खुला झाल्यापासून युरोपचा माल मुंबईस लवकर व पुष्कळ येऊं लागला होता, आणि एखाद्या साहेबाच्या बंगल्यांत असें घड्याळ असणें अगदीं संभवनीय आहे. परंतु आड न येणें म्हणजे पुरावा नव्हे. यंत्र कोणत्या कारखान्यांतून व कोणत्या सुमारास निघालें हें क्रमांक सांगतो. तें कोणीं विकत घेतलें, कोणीं बक्षीस दिलें व कोणीं आमच्या दारांत आणून ठेविलें, हें सांगण्याची शक्ति त्याच्यांत नाहीं. देवळाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत घड्याळाचा उल्लेख आम्हांस मिळाला नाहीं. बाई आमच्यावर अजून रुष्ट आहेत. त्यांच्या घरीं त्या साहेबाची एखादी चिठ्ठी किंवा शिफारसपत्र जुन्या पेटींत असेल तर शोधावें, असें आम्हीं त्यांच्या नातवास सांगितलें आहे, व तें सांपडल्यास पट्टी बदलण्यास आम्ही तयार आहों. तूर्त पट्टीवर 'गुस्ताव्ह बेकर, सायलेशियांतील फ्रायबुर्ग, सुमारें १८८८' एवढेंच कोरलें जाईल, व त्याखालीं नांवापुरती जागा मोकळी ठेविली जाईल.

कारखान्याची पुढील हकीकत थोडक्यांत देतों. बेकरच्या यशामुळें फ्रायबुर्गांत इतरही कारखाने निघाले होते. १८९९ त ते व बेकरचा कारखाना मिळून एक मोठी कंपनी झाली. पहिल्या महायुद्धानंतर धंद्यास उतरती कळा लागली, व १९२६ नंतरच्या थोड्याच वर्षांत ही कंपनी श्रामबर्ग येथील युंगहान्स या बलाढ्य कारखान्यांत सामील झाली. १९४५ त सायलेशियाचा हा भाग पोलंडकडे गेला. फ्रायबुर्गाचें नांव आज श्फ्येबोजित्से असें असून, आमच्या यंत्रावर ठोकलेलें शहराचें जर्मन नांव आतां नकाशावर राहिलेलें नाहीं.

आमच्या वाड्यांतून जीं इतर घड्याळें आहेत, त्यांत बेकरचीं थोडीं व युंगहान्सचीं अधिक. युंगहान्सचा छाप म्हणजे आठ टोंकांचा तारा व त्यांत 'जे' हें अक्षर. हा तारा १८९० पासूनचा आहे. एर्हार्ट युंगहान्स यानें आपल्या मेव्हण्यासह १८६१ त श्रामबर्ग येथें कारखाना काढला, अमेरिकेंतील यंत्रें व तिकडील ठोकसाच्याची रीत उचलली, आणि १९०३ पर्यंत तो कारखाना जगांत सर्वांत मोठा झाला. त्याच्या घड्याळांचें वय काढणें बेकरपेक्षांही सोपें आहे. पुष्कळ यंत्रांच्या मागील पत्र्यावर ताऱ्याजवळ 'ए' किंवा 'बी' हें अक्षर व दोन आंकडे असतात. आंकडे सालाचे, 'ए' म्हणजे वर्षाची पहिली सहामाही व 'बी' म्हणजे दुसरी. 'बी १०' असेल तर १९१० च्या उत्तरार्धांतलें. एकमेकांवर आडवे ठेविलेले दोन बाण दिसले तर तें त्याच श्रामबर्गमधील हॅम्बुर्ग-अमेरिकन कंपनीचें घड्याळ समजावें. पसरलेल्या पंखांचा गरुड व 'एफ्. एम्. एस्.' हीं अक्षरें असतील तर श्वेनिंगेनच्या माउथेचें. 'वेस्टर्न जर्मनी' किंवा 'वेस्ट जर्मनी' असे शब्द असलेलें घड्याळ १९४९ नंतरचें आहे, आणि असें एक घड्याळ 'आजोबांच्या आजोबांचें' म्हणून आम्हांस मोठ्या अभिमानानें दाखविण्यांत आलें होतें! आम्हीं तेथें चहा घेतला व वादांत पडलों नाहीं.

ज्यांच्या घरीं अशीं घड्याळें आहेत त्यांस दोन गोष्टींची विनंती आहे. मागील पितळी पत्रा पूड लावून घांसूं नये. छाप व क्रमांक उथळ असतात, चारदां उजळल्यावर ते जातात, आणि मग वय काढण्यास कांहीं साधन उरत नाहीं. दुसरें, पेटीच्या आंत, दाराच्या मागें किंवा तबकडीच्या पाठीवर, पेन्सिलीनें लिहिलेल्या बारीक ओळी पुष्कळदां सांपडतात. त्या दुरुस्ती करणाऱ्या घड्याळजींच्या असतात : तारीख, सही, कधीं मजुरीचा आंकडा. आमच्या घड्याळांत अशा चार आहेत. सर्वांत जुनी १९११ ची असून तिच्याखालींच मुंबईच्या घड्याळजीची मोडी वळणाची सही आहे. म्हणजे त्या सालीं हें घड्याळ मुंबईस होतें किंवा दुरुस्तीसाठीं तेथें गेलेलें होतें, यांपैकीं कांहींतरी एक खरें. रंगारी पेटीस नवीन पॉलिश देण्यास आला तर त्याला आंतील बाजूस हात लावूं देऊं नये, व त्या ओळी कागदावर उतरवून आमच्याकडे आणून द्याव्यात. क्रमांक व छाप बरोबर लिहून आणल्यास रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही कोष्टक घेऊन बसतों.